नोंदवहींतील आडवी रेघ

इस्रायली लोकांनीं ज्युबिलीचें वर्ष कसें पाळावें याची आज्ञा जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत दिलेली आहे. सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे देशभर शिंग फुंकावें, दास्यांत असलेल्यांस मोकळें करावें आणि प्रत्येकानें आपल्या वतनास व आपल्या कुळाकडे परत जावें, असा तो नियम होता. म्हणजे ज्युबिली ही नुसत्या उत्सवाची वेळ नसून घरीं परत जाण्याची वेळ होय. आपल्या सदरच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या प्रसंगीं जो तो आपल्या घराण्याच्या आठवणी काढीत आहे. कोणाचे पणजोबा कामठीच्या पलटणींत होते, कोणाचे गोव्याहून आले, कोणाचे मद्रासेकडून आले, हें मोठ्या आवडीनें सांगितलें जात आहे. तें ऐकतांना माझ्या मनांत एकच प्रश्न वारंवार उभा राहतो. ज्याला आपलें कूळच ठाऊक नाहीं, त्यानें ज्युबिलीच्या वर्षीं कोणाकडे परत जावें?

माझे आजोबा अशा माणसांपैकीं होते. ते कोणत्याही मंडळाचे अध्यक्ष नव्हते, त्यांनीं ग्रंथ लिहिला नाहीं, त्यांच्या नांवाची शिळा कोठें बसविलेली नाहीं. सदरमध्यें लहानथोर सगळे त्यांस "मिस्त्रीबाबा" म्हणत, आणि मीही येथें त्याच नांवानें त्यांचा उल्लेख करणार आहें. जुन्या मंडळींस एवढी खूण पुरे. नव्या मंडळींनीं आपल्याच घरांतील एखाद्या वृद्धाचा चेहरा डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे झालें.

प्रथम स्थळकाळाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढें चार वर्षांनीं, १८२१ सालीं, कन्हान नदीच्या कांठीं कामठीची छावणी वसली. तेथें मद्रासी पलटणी असत, आणि त्या पलटणींबरोबर कॅथलिक शिपाई, नोकरचाकर व त्यांचीं कुटुंबें या प्रांतांत आलीं. त्यांच्या पाठोपाठ धर्मगुरु आले, ते आल्प्स पर्वताच्या कुशींतील सॅव्हॉय प्रांताचे. तेथील आनेसी या गांवीं पियेर मेर्मिये या धर्मगुरूंनीं १८३८ सालीं संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवानें मिशनरी संघ स्थापिला होता. त्या संघाचे पहिले मिशनरी १८४५ सालीं हिंदुस्थानास निघाले व दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं विशाखापट्टणास स्थिर झाले. नागपूर व कामठी हीं त्यांच्या क्षेत्राचीं दूरचीं टोंकें होतीं. १८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांताची घटना झाली, १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास आली, आणि १८७० सालीं सदरमध्यें संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवाची शाळा सुरू झाली. शेवटीं २९ जुलै १८८७ रोजीं पोप तेरावे लिओ यांनीं नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत केला, आणि सदरचें प्रभुमंदिर त्या धर्मप्रांताचें मुख्य मंदिर ठरलें.

हा इतिहास आपण दर उत्सवांत वाचतों, आणि तो वाचावा हें योग्यच आहे. परंतु त्यांत बिशपांचीं व धर्मगुरूंचीं नांवें आहेत. त्यांच्यासमोर बांकांवर बसलेल्या माणसांचीं नाहींत. आपले आश्रयदाते संत फ्रान्सिस यांस हें फारसें रुचलें नसतें, असें मला वाटतें. त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६०९ सालीं प्रसिद्ध झाला, तो मठांतल्या लोकांकरितां नव्हता. प्रपंचांत राहणाऱ्या माणसांकरितां होता. शिपायाची छावणी, कारागिराचें दुकान आणि संसारी माणसाचें घर यांतही खरी भक्ति नांदूं शकते, हें त्यांनीं त्या काळीं आग्रहानें प्रतिपादिलें. मिस्त्रीबाबांनीं तो ग्रंथ कधीं वाचला नाहीं. परंतु ते कारागीर होते आणि संसारी होते.

आतां त्यांच्या आरंभाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रांतावर लागोपाठ दोन दुष्काळ कोसळले, पहिला १८९६-९७ चा व दुसरा १८९९-१९०० चा. दुसऱ्या दुष्काळांत, १९०० च्या मध्यास, एकट्या मध्यप्रांतांत वीस लाखांहून अधिक माणसें सरकारी मदतीवर जगत होतीं. शेजारच्या वऱ्हाडाचीही तीच दैना होती. माणसें गांव सोडून रस्त्याला लागलीं. वाटेंत कोण गळलें, कोण पुढें गेलें, याचा हिशेब कोणापाशीं राहिला नाहीं. त्याच १९०० सालीं रोमेस पोप लिओ यांनीं पवित्र वर्ष, म्हणजे ज्युबिली, पुकारली होती. त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत एका बैलगाडीवाल्यानें रस्त्याच्या कडेला चिंचेखालीं बसलेलें एक मूल उचलून मिशनच्या अनाथाश्रमांत पोंचतें केलें. तें मूल म्हणजे माझे आजोबा.

त्यांस आपल्या पूर्वायुष्याची एकच गोष्ट आठवत असे, आणि ती त्यांनीं आम्हांस फार तर तीन-चार वेळां सांगितली असेल. एका बाईनें त्यांस झाडाखालीं बसविलें आणि म्हटलें, "अठीच बस, हालू नको." एवढें बोलून ती गेली. तिचा चेहरा त्यांस आठवत नसे, लुगड्याचा रंगही आठवत नसे. आवाज मात्र आठवे. मीं शाळेंत असतांना एकदां धिटाईनें विचारलें, "बाबा, ती तुम्हांला टाकून गेली काय?" ते रागावले नाहींत. रंधा बाजूस ठेवून म्हणाले, "टाकून जाणारी हालू नको म्हणत नाहीं. ती पाणी नाहींतर भाकर पाहायला गेली. परत यायचीच होती. तिलाच कांहीं झालें असेल."

"अठी" हा शब्द वऱ्हाडी बोलींतला आहे. मोठेपणीं आजोबांनीं मनाशीं ठरविलें होतें कीं, आपण वऱ्हाडाच्या बाजूचे असूं. त्यांच्या सबंध वंशावळीला पुरावा काय तो एवढाच, दोन अक्षरांचा. आम्ही घरांत शुद्ध बोलावें म्हणून शाळेचे मास्तर आग्रह धरीत. आजोबा मात्र जन्मभर "इथें" म्हणण्याऐवजीं "अठी" म्हणत राहिले, आणि त्यांस कोणी सुधारूं लागला तर ऐकून न ऐकल्यासारखें करीत. त्याचें कारण आम्हांस फार उशिरां कळलें.

कॅथलिक धर्मग्रामांत नोंदवह्या ठेवण्याची चाल जुनी आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदी ठेवण्याविषयीं नियम घालून दिला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, कुटुंबें व मृत्यु अशा पांच वह्यांचा नमुना आला. सॅव्हॉयहून आलेल्या धर्मगुरूंनीं हीच शिस्त येथें आणिली. त्या वह्या लॅटिन भाषेंत लिहिल्या जात. कांहीं वर्षांपूर्वीं धर्मगुरूंच्या परवानगीनें मला आजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद पाहावयास मिळाली. तारीख १९०० ची. वय, सुमारें चार वर्षें. नांव, त्या दिवशीं दिलेलें. वडिलांच्या नांवाच्या जागीं एक आडवी रेघ, आईच्या नांवाच्या जागीं दुसरी, आणि पुढें लॅटिनमध्यें दोन शब्द, "पारेंतिबुस इग्नोतिस", म्हणजे मातापिता अज्ञात. शाई तपकिरी पडली आहे, पण रेघ सरळ आहे. लिहिणाऱ्यानें ती घाईनें ओढलेली नाहीं.

त्या नोंदींत एक नांव मात्र भरलेलें आहे, तें धर्मपित्याचें. मिशनचा एक वृद्ध तमिळ आचारी त्या पोराचा धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. आजोबा त्यास "अप्पा" म्हणत. या अप्पानेंच त्यांस चुलीपाशीं बसवून जपमाळ शिकविली, आणि पेज पाजून जगविलें. त्यामुळें वऱ्हाडी बोलणारे आमचे आजोबा अंक मोजूं लागले म्हणजे दहापर्यंत तमिळमध्यें मोजीत. सदरची ख्रिस्ती वस्ती कशी घडली हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें या एका गोष्टीवर विचार करावा. सॅव्हॉयच्या धर्मगुरूनें पाणी ओतलें, तमिळ आचाऱ्यानें हात धरिला, आणि वऱ्हाडचें मूल ख्रिस्ती झालें.

अनाथाश्रमांत मुलांस अक्षरओळख व एखादा धंदा शिकवीत. आजोबा सुतारकाम शिकले आणि सोळा-सतरा वर्षांचे असतांना मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यांत उमेदवार म्हणून लागले. बंगाल नागपूर रेल्वेच्या अडीच फुटी अरुंद रुळांच्या गाड्या तेथें बांधल्या व दुरुस्त केल्या जात. सातपुड्याच्या डोंगरांतून, गोंदिया-जबलपूर, नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड अशा मार्गांवर या लहान गाड्या चालत. डब्यांचे दरवाजे, खिडक्या व बांकें हें आजोबांचें काम. गाडींत बसले म्हणजे ते प्रथम बांकाच्या सांध्यावर हात फिरवून पाहत, आणि सांधा ढिला लागला तर सबंध प्रवासभर त्यांचें चित्त ठिकाणावर नसे. त्या अरुंद रुळांवरची छिंदवाड्याची गाडी २०१५ सालीं बंद झाली व नागभीडची २०१९ सालीं. मोतीबागेंत २००२ पासून रेल्वेचें संग्रहालय आहे. तेथें मुलांस घेऊन जाणाऱ्यांनीं जुन्या डब्यांतील लांकूडकाम अवश्य पाहावें. त्यावर कोणा सुताराचें नांव नाहीं.

१९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. हिंदुस्थानांत ज्या प्रांतांची तिनें सर्वांत अधिक हानि केली त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड होते. आजोबा तेव्हां बाविशीच्या आंतबाहेर होते. दिवसा कारखान्यांत काम करून ते रात्रीं कंदिलाच्या उजेडांत गरिबांसाठीं शवपेट्या करीत. लांकूड कोणी देई, कधीं कोणी देत नसे. मजुरी त्यांनीं कधींच घेतली नाहीं. त्या सांथींत अप्पाही गेले. त्यांची पेटी करतांना मापें घेण्याची गरज पडली नाहीं, एवढेंच आजोबा त्याविषयीं सांगत.

१९२० सालीं त्यांचें लग्न झालें. आजी नन्सच्या देखरेखीखालीं वाढलेली, तीही दुष्काळाचीच लेक. १९०८ पासून चर्चचा असा नियम झाला होता कीं, कोणाचा विवाह झाला म्हणजे त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीच्या समासांत त्याची टीप करावी. त्याप्रमाणें आजोबांच्या त्या नोंदीशेजारीं, आडव्या रेघेच्या बाजूलाच, १९२० ची टीप आहे. आणि पुढें १९२१ पासून तीच वही, किंवा तिच्यापुढची, उघडावी तों सात ठिकाणीं वडिलांच्या नांवाच्या जागीं मिस्त्रीबाबांचें नांव दिसतें. ज्यास वडिलांचें नांव नव्हतें, तो स्वतः सात वेळां वडिलांचें नांव झाला. त्या सातांपैकीं दोघांचीं नांवें लौकरच मृत्यूच्या वहींतही आहेत. त्या दोन लहान पेट्या त्यांनीं आपल्या हातांनीं केल्या.

बाप म्हणून ते कसे होते? कडक होते, पण हात उगारणारे नव्हते. संध्याकाळीं देवळाची घंटा झाली कीं घरांतलीं सर्व कामें थांबत. मग दिवा, मग जपमाळ. जपमाळ संपली कीं ते एक नमो मरिया अधिक म्हणत, आणि ती कोणासाठीं हें एका वाक्यांत सांगत, "वाट पाहणाऱ्यांसाठीं." लहानपणीं आम्हांस वाटे कीं हाही जपमाळेचाच भाग आहे; दुसऱ्यांच्या घरीं ती प्रार्थना म्हणत नाहींत हें पाहून मला फार नवल वाटलें होतें. रविवारीं धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला म्हणजे ते पायऱ्यांवर बसून राहत. ज्या मुलांस न्यावयास कोणी आलें नसेल त्यांच्याशीं गोष्टी बोलत, खिशांतले फुटाणे देत, आणि शेवटचें मूल घरचा हात धरून जाईपर्यंत उठत नसत. आजीनें जेवण थंड होतें म्हणून किती वेळां बोलावें! ते म्हणत, "तें मूल एकटें बसलें होतें ना."

त्यांच्या आयुष्यांत अपमानही झाला. तो सांगितल्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं. थोरल्या आत्यास एक स्थळ आलें होतें. मंडळी ख्रिस्तीच, चांगली शिकलेली. चहा झाला, बोलणें होत आलें, आणि त्यांच्यापैकीं एका वृद्ध गृहस्थांनीं हळूच विचारलें, "आपलें मूळचें कूळ कोणतें?" आपण एका वेदीपुढें गुडघे टेकतों, एकाच पात्रांतून प्रभूचें शरीर स्वीकारतों, आणि तरीही सोयरीक जुळवितांना हा प्रश्न आपल्या घरांतून पुरता गेलेला नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे. आजोबांनीं उत्तर दिलें, "मुलीचा बाप आपल्यासमोर बसला आहे. याच्या मागें मलाही कांहीं दिसत नाहीं." मंडळी उठून गेलीं व परत आलीं नाहींत. आजी रडली. आजोबा मागल्या पडवींत जाऊन रंधा मारीत बसले, आणि दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या वेळीं कामावर गेले. दोन वर्षांनीं आत्याचें लग्न एका सुस्वभावी शिक्षकाशीं झालें. त्यानें कूळ विचारलें नाहीं. आत्यास स्वयंपाक येतो कीं नाहीं हेंही विचारलें नाहीं, तिला वाचनाची आवड आहे काय एवढेंच विचारलें.

त्यांच्या हातून चुकाही झाल्या. माणसानें दूर जाणें त्यांस सहन होत नसे. माझे वडील १९५० सालीं मुंबईस नोकरीसाठीं निघाले, तेव्हां आजोबांनीं त्यांच्याशीं बोलणें सोडलें. ते स्टेशनावर गेले नाहींत, वर्षभर पत्रांस उत्तर दिलें नाहीं. वडिलांस तें फार लागलें, आणि त्याची जखम त्यांच्या बोलण्यांत म्हातारपणींही कधीं कधीं जाणवे. आपल्या बापाचें हें असें कां होतें, हें त्या तरुण वयांत त्यांस कसें कळावें? तीन वर्षांनीं वडिलांस नागपुरास परत येतां आलें. गाडी सकाळीं यावयाची ती कांहीं कारणानें संध्याकाळीं आली. वडील उतरून पाहतात तों फलाटावरील एका बांकावर आजोबा बसलेले. सकाळपासून ते तेथेंच होते. वडिलांनीं पायां पडून विचारलें, "बाबा, घरीं जाऊन यायचें होतें." आजोबा म्हणाले, "अठीच बसलों होतों. हाललों नाहीं." हा प्रसंग वडील जेव्हां सांगत तेव्हां त्यांचा कंठ दाटून येई, आणि पुढचें वाक्य आम्हांस आईकडून ऐकावें लागे.

काळ पालटत होता. १९५१ सालीं युजीन डिसूझा हे नागपूरचे बिशप झाले, आणि त्यांच्या रूपानें या धर्मप्रांतास पहिले हिंदी महागुरु लाभले. १९५३ सालीं नागपूर महाधर्मप्रांत झाला. १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचा आपला ठराव प्रसिद्ध केला आणि पुढें मिस्सा लोकभाषांतून होऊं लागली. आजोबांस लॅटिन मिस्सेचीं उत्तरें बालपणापासून मुखोद्गत होतीं, अर्थ मात्र थोडाथोडकाच कळे. मराठी मिस्सेस ते प्रथम गेले त्या रविवारीं मी त्यांच्या शेजारीं होतों. सर्व मंडळी "आमच्या बापा" ही प्रार्थना मराठींतून म्हणूं लागली आणि आजोबा मुकाट्यानें उभे राहिले. मला वाटलें, म्हाताऱ्यास नवी पद्धत रुचली नाहीं. घरीं येतांना विचारलें. ते म्हणाले, "मी ती रोज म्हणतों रे. आज सगळ्यांच्या तोंडून ऐकली. 'माझ्या' नाहीं, 'आमच्या' म्हणतात. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानांत आलें नव्हतें."

१९६९ सालीं ते गेले. जरीपटक्याच्या दफनभूमींत त्यांस पुरलें. मृत्यूच्या वहींत वय लिहिलें आहे, "सुमारें ७३". आरंभीं जें सुमारें होतें तें अखेरपर्यंत सुमारेंच राहिलें. त्या दिवशीं पेटीस खांदा द्यावयास इतकीं अनोळखी माणसें पुढें आलीं कीं आम्हां नातवांस जवळ जाणें कठीण झालें. कोणी रिक्षावाला होता, कोणी छापखान्यांतला, एक तर दूर बिलासपुराहून तार मिळतांच निघालेला. हे कोण, असें आम्ही एकमेकांस विचारीत होतों. त्यांपैकीं कित्येकजण आजोबांस "बाबा" म्हणत होते. परंतु सदरमध्यें सगळेच त्यांस बाबा म्हणत, म्हणून आम्हीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं.

त्याचा उलगडा त्या नोंदवहीनें केला. आजोबांची नोंद पाहून झाल्यावर मीं सहज पुढचीं पानें उलटलीं. कोठें कोठें वडिलांच्या नांवाच्या जागीं तशीच आडवी रेघ होती. टाकलेलीं मुलें, सांथींत पोरकीं झालेलीं, स्टेशनावर सांपडलेलीं. अशा एका नोंदींत रेघेच्या पुढें धर्मपित्याच्या रकान्यांत आजोबांचें नांव होतें. चार पानांनीं पुन्हां. मग पुढच्या वहींत पुन्हां. मीं मोजूं लागलों आणि थोड्या वेळानें मोजणें सोडून दिलें. चर्चचा नियम असा आहे कीं, धर्मपित्यानें आपल्या धर्मपुत्राच्या ख्रिस्ती जीवनाची काळजी वाहावी. मिस्त्रीबाबांनीं त्याचा अर्थ आणखी साधा केला होता. पाटी-पुस्तक, अंगरखा, पहिलें काम मिळेपर्यंत दोन वेळचें जेवण. आजीस हें माहीत असलेंच पाहिजे, कारण घरांतलें पीठ तिच्याच हातचें. आम्हांस मात्र दोघांनींही कधीं सांगितलें नाहीं. चिंचेखालीं बसलेल्या मुलास अप्पानें जें दिलें, तें त्यांनीं जन्मभर परत फेडलें, आणि फेडतांना पावती मागितली नाहीं.

संत मत्तयाचें शुभवर्तमान वंशावळीनें सुरू होतें. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, पुढें बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा. बापांच्या नांवांची ही लांब माळ शेवटीं योसेफापाशीं येते, आणि तेथें सुवार्तिक "योसेफाचा पुत्र" असें न लिहितां योसेफाचा उल्लेख मरियेचा पति म्हणून करितो. रक्ताचा बाप नसलेल्या एका सुतारानें प्रभूस आपलें नांव, आपलें घर व आपला धंदा दिला. पोप नववे पायस यांनीं ८ डिसेंबर १८७० रोजीं या सुतारास सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता म्हणून घोषित केलें. आपली सदरची शाळाही त्याच सालची. आणखी एक गोष्ट पाहा. प्रभूच्या आजी-आजोबांचीं, अन्ना व योआकीम यांचीं, नांवें पवित्र शास्त्रांत कोठेंच नाहींत. तीं परंपरेनें राखिलीं. त्यांचा सण २६ जुलैचा. त्याच सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारीं, आजी-आजोबांचा दिवस सर्व चर्चनें पाळावा असें पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं ठरविलें. नांव लिहिलेलें नसलें म्हणजे तें माणूस इतिहासांत नव्हतें असें होत नाहीं. कोणीतरी आठवण ठेवावी लागते, एवढेंच.

म्हणून वाचकांस माझी एक विनंती आहे. ज्युबिलीच्या या वर्षीं आपल्या घरांतील वृद्धांपाशीं बसावें आणि त्यांस विचारावें कीं, तुम्ही कोठून आलां, कोणी आणिलें, कोणी प्रथम जेवूं घातलें. तें एका कागदावर लिहून ठेवावें. धर्मग्रामाच्या वहींत तारखा मिळतील, नांवें मिळतील. परंतु बांकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोण बसून राहिला, हें त्या वहींत मिळणार नाहीं. तें तुम्ही लिहिलें नाहीं तर दुसरा कोणी लिहिणार नाहीं. आणि आपल्या घरीं सोयरीक ठरविण्याची वेळ आली, तर चहाचा पेला खालीं ठेवतांना मिस्त्रीबाबांची आठवण करावी.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला आजोबांच्या आयुष्यांतच मिळालें आहे. ज्यास कूळ ठाऊक नव्हतें त्यानें कोठें परत जावें? तो कोठें गेलाच नाहीं. जेथें त्यास बसविलें तेथेंच तो बसला, आणि सत्तर वर्षांत त्याच्याभोंवतीं एक कूळ जमा झालें. त्या कुळांत आम्ही नातवंडें आहोंत, आणि ज्यांचीं नांवेंही आम्हांस ठाऊक नाहींत असे पुष्कळ आहेत. त्याच्या आईनें "परत येतें" असें म्हटलें असेल वा नसेल. पण ती परत येणारच होती, या विश्वासावर तो जगला. त्या दोघांची भेट आतां प्रभूच्या घरीं झाली असेल, अशी आमची श्रद्धा आहे.

संध्याकाळीं सदरची घंटा झाली कीं आमच्या घरीं अजून जपमाळ म्हणतात, आणि ती संपल्यावर एक नमो मरिया अधिक म्हणतात. ती कोणासाठीं, हें आतां माझी नात सांगते.